वाढत्या मापाचे बूट

धुळ्यात माणूस उगाच धावत नाही. धावायला काहीतरी कारण लागतं. एसटी सुटत असावी, म्हैस सुटलेली असावी, नाहीतर मागे कुत्रं लागलेलं असावं. यातलं काहीच नसताना पन्नाशीला टेकलेला, पोट पुढे आलेला माणूस नकाणे तलावाच्या रस्त्याने सकाळी सकाळी धापा टाकत चाललेला दिसला, की बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मोटारसायकलवर दुधाच्या कॅन लावलेला एक माणूस माझ्या बाजूला आला, गाडी हळू केली आणि काळजीने म्हणाला, "भाऊ, काय व्हयनं? दवाखानामा शे का कोनी?"

"नाही, नाही. मी पळतोय."

"ते दखाई ऱ्हायनं. पन कसाले?"

कशाला, याचं उत्तर सांगायला दम लागतो, आणि तो तेव्हा माझ्याकडे नव्हता. तो म्हणाला, "बठा मांगे, सोडी देस." मी नको म्हटलं. तो पुन्हा बसा म्हणाला. खानदेशात दोनदा केलेला आग्रह मोडणं म्हणजे समोरच्याचं पाणी नाकारण्यासारखं. मी मागे बसलो. दोन कॅनच्या मधे पाय फाकवून बसलो आणि घराच्या दारात उतरलो. धावायला पायी गेलेला नवरा दुधाच्या गाडीवरून परत आलेला बघून बायकोने फक्त विचारलं, "आता रतीब कुठून सुरू करायचा?"

तर कारण असं होतं. कचेरीतल्या तपासणी शिबिरात माझं रक्त घेतलं गेलं, आणि डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून चष्मा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढला की आपण खुर्ची धरावी. ते म्हणाले, "साखर उंबरठ्यावर आलीय. आत घ्यायची की बाहेरच्या बाहेर वाटेला लावायची, हे तुमच्या हातात आहे." म्हणजे पायात आहे, हे त्यांनी पुढच्या वाक्यात सांगितलं. चाला, जमेल तसं पळा, आणि पाय जपा.

'पाय जपा' ऐकलं आणि मी खरंच खुर्ची धरली. माझे वडील साखरेनेच गेले, आणि ते पायाकडून गेले. आधी अंगठा गेला, मग अर्धं पाऊल, मग ते. साक्रीकडच्या आमच्या गावात कोणी विचारलं की घरातून एकच उत्तर मिळायचं, 'बूट लागला.' त्यापुढे कोणी काही बोलायचं नाही. मी वडिलांसारखा दिसतो, वडिलांसारखा घोरतो आणि त्यांच्यासारखाच दुसऱ्याच्या ताटातली जिलेबी उचलतो. पण त्यांच्यासारखं जायचं नव्हतं मला. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस काहीही करतो. मी धावायचं ठरवलं.

वडील गेल्यावर आई गावाहून आमच्याकडे राहायला आली. मी पळणार हे ऐकून ती म्हणाली, "पयशी? चालाले काय व्हस तुले?"

मी तिला डॉक्टरांचं नाव सांगितलं. डॉक्टर तिच्या लेखी देवाखालोखाल, पण देवापेक्षा बरेच खाली. थोडा वेळ ती ज्वारी निवडत राहिली. मग तिने अट घातली, "पय. पन पायले कोठे लागनं, तर त्याच दिन पयनं बंद." मी हो म्हटलं. आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा असतो. आणि चालून भागेल असं मला वाटत नव्हतं. चालणं तर कचेरीत चहाच्या टपरीपर्यंत मी आयुष्यभर करतच होतो, आणि साखर त्यातूनच इथवर आली होती.

मग प्रश्न बुटांचा आला. तोवर मी कचेरीच्या सँडलवर धावत होतो आणि सँडलचा आवाज माझ्या आधी पोचत असे. कचेरीतला एक सहकारी बदलून जळगावहून आला होता. त्याच्या मते जळगावला पहाटे माणसं घोळक्याने धावतात आणि प्रत्येकाच्या पायात पोपटी किंवा भगवे बूट असतात. जळगावात सगळंच असतं, हे तो रोज सांगतो. वांगी, सोनं, आणि आता हे. त्याच्या नाकावर टिच्चून मी आग्रा रोडवरच्या मोठ्या दुकानात शिरलो.

दुकानातल्या मुलीने माझं पाऊल एका लोखंडी पट्टीवर ठेवलं. इतक्या आदराने माझ्या पायाला कुणीच हात लावला नव्हता, लग्नात सासऱ्यांनीसुद्धा नाही. ती म्हणाली, "काका, तुमचं माप आठ. पळायला नऊ घ्या. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी पाहिजे, पळताना पाऊल पुढे सरकतं."

आता इथे आमचं खानदेशी रक्त आडवं आलं. लहानपणी वडील मला साक्रीच्या बाजारातून बूट घ्यायचे ते दोन नंबर मोठे. बूट पायाला होईपर्यंत पुढच्या टोकात घरचा कापूस कोंबायचा; कापसाला आमच्याकडे काय तोटा! कापूस जसजसा कमी होत जाई तसतसा मी मोठा होत असे. शाळेत सगळ्याच पोरांचे बूट कापसावर चालत. मापाचा बूट घालणारं पोर म्हणजे बापाला पुढचं दिसत नाही असं आम्ही समजायचो. त्यामुळे त्या मुलीने नऊ म्हटल्यावर माझ्या मनाने ऐकलं एवढंच, की मोठं घेतलेलं बरं असतं. मी म्हटलं, "मग दहाच द्या."

"काका, पाय आता वाढणार आहेत का?"

"पाय नाही. पण बूट आटला तर?"

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. दहा नंबरचा निळा बूट मी काखेत मारून आणला. घरी पाय घातला तर पाऊल आत पोचल्यावरही बूट पुढे बराच उरला. उपाय मला बालपणापासून पाठ होता, फक्त कापूस नव्हता. धुळ्यात फ्लॅटमध्ये कापूस कुठून आणायचा? मग आठवलं, देवघरातल्या डब्यात आई वातींसाठी कापूस ठेवते. आई तेव्हा गच्चीवर पापड वाळवत होती. मी देवाला नमस्कार केला, डबा उघडला आणि दोन्ही बुटांची टोकं भरली.

त्यानंतरचे काही दिवस मी धावलो असं मी म्हणेन. बघणारे काय म्हणाले ते माहीत नाही. बूट पुढे जायचा, मग मी जायचो, मग टाच आतल्या आत मागे राहायची. दुधाच्या गाडीवाला रोज भेटे आणि रोज विचारे. मी एक दिवस सांगितलं की पोट साफ होत नाही, दुसऱ्या दिवशी सांगितलं की पैज लागलीय. आजार आणि पैज, दोन्ही त्याला पटत. पण 'उगाच' म्हटलं की त्याला माझी काळजी वाटायची आणि तो गाडीवर बसवायचा. त्याला चुकवायला मी वळसा घेऊन तलावाच्या बांधाकडून जाऊ लागलो. खोटं बोलण्यापेक्षा जास्त धावणं सोपं असतं, हे मला असं कळलं.

आणि मग उजव्या अंगठ्याच्या शेजारी फोड आला.

फोड एवढासा. पण आमच्या घरात तो फोड नव्हता, फर्मान होतं. पायाला लागलं तर धावणं बंद. मी मोजे घालून घरात वावरू लागलो. एप्रिल महिना, पंखा गरम वारा फेकतोय, आणि मी वरण-बट्टी खायला मोजे घालून बसलोय. बायको म्हणाली, "अंगात स्वेटर पण घाला, शोभेल." आईने माझ्या मोज्यांकडे पाहिलं आणि बट्टीवर तूप वाढलं. मग डॉक्टर आठवून निम्मं परत काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरातून आवाज आला, "मना वातीसना कापूस कोनी लिधा?"

चोर सापडायला वेळ लागला नाही. मी बूट घालायला दाराशी बसलोच होतो, आणि बुटाच्या जिभेखालून एक पांढरा धागा बाहेर डोकावत होता. आई येऊन समोर उभी राहिली. देवाचा कापूस बुटात घातला म्हणून आता माझी हजेरी घेतली जाणार, याची मी मनातल्या मनात तयारी केली. देव सगळीकडे असतो वगैरे एक वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

तिने बूट हातात घेतला. आत बोटं घातली आणि कापसाचा बोळा बाहेर ओढला. तो दाबून दाबून खड्यासारखा घट्ट झाला होता. तो हातात घेऊन ती खाली बसली, दारातच, चपलांच्या शेजारी. मी कधी तिला असं एकदम बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मोजा काढ," ती म्हणाली.

मी काढला. तिने पाऊल मांडीवर घेतलं. फोडाकडे बघत राहिली, आणि मग बोलली, हळू, माझ्याशी नव्हे असं.

"तुना बापना बूटमा बी असाच कापूस व्हता. घरना. त्यामा एक सरकी ऱ्हायनी व्हती."

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी बूट घेतले होते, एवढं मला माहीत होतं. जन्मभर वहाणा घालणाऱ्या माणसाचे ते पहिले आणि शेवटचे बूट. ते त्यांनी दोन नंबर मोठे घेतले असतील, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. म्हातारपणी पाय कुठले वाढायला! पण मोठं माप घ्यायची सवय. आणि कापसात राहिलेलं ते एक कठीण बी लग्नभर अंगठ्याला घासत राहिलं.

"बठ्ठा लगीनमा त्या तोच बूट घाली फिरनात," आई म्हणाली. "त्यासले कळनंच नही."

साखरेने पायाची जाणीव जाते, हे डॉक्टर सगळ्यांना सांगतात. तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर आम्ही जिलेबी वाढण्यात होतो.

"मी रोज त्यासले वाढं, त्यासना कपडा धुया. पन पाय दखा नही मी. लगीन व्हतं ना घरमा." तिने बोळा मुठीत आवळला. "मी पाय दखाच नही रे भाऊ."

मला रडू आलं. इतकी वर्षं 'बूट लागला' म्हणून आम्ही विषय संपवायचो, आणि ती एकटी त्या बुटाजवळ, न पाहिलेल्या त्या पायाजवळ बसून राहिली होती. मी म्हटलं, "दुखतंय मला आई. फोड दुखतोय. म्हणजे मला कळतंय."

ते तिला पटलं असावं. तिने फोडावर फुंकर घातली, जशी लहानपणी घालायची, आणि नाक ओढून म्हणाली, "ऊठ. दुकानमा जाऊ."

मी सांगत होतो की फोड बरा होऊ दे, की मला माझे बूट घेता येतात. दुसऱ्या मुद्द्यावर तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

दुकानातल्या मुलीने मला ओळखलं. "आटला का काका?" आईने तिच्याकडून नऊ नंबरचे सगळे जोड मागवले आणि स्टुलावर बसून एकेकात मनगटापर्यंत हात घातला. डोळे मिटून ती आतली शिवण चाचपायची. "हाऊ नको, आठे टोचस." मला तिथे काहीच टोचत नव्हतं, त्या मुलीलाही नाही. पण आम्ही दोघं तिला पुढचा जोड देत राहिलो. शेवटी ज्या बुटात तिच्या हाताला काही सापडलं नाही, तो भडक भगवा निघाला, जळगावकराला शोभेल असा. तो मी घेतला. तिने तिथेच मला चालायला लावलं, मग पळायला लावलं, आणि इतर गिऱ्हाइकांनी बाजूला होऊन मला वाट दिली. दहा नंबरचे निळे बूट साक्रीच्या पुतण्याला गेले. त्याचं पाऊल बैलासारखं आहे आणि त्याला ते थोडे घट्टच होतात.

फोड सुकेपर्यंत घरात बसलो. आता रोज सकाळी मी निघायच्या आधी आई दारात पाट टाकून बसते. आधी दोन्ही बूट उलटे करून आपटते, मग आत हात घालून टोकापर्यंत फिरवते. मग मी पाय पुढे करतो, आणि ती ट्यूबलाइटखाली बोटांच्या बेचक्या उघडून बघते. पन्नाशीच्या माणसाला हे लाजिरवाणं आहे. शेजारचे जिन्यातून उतरताना बघतात. मी पाय मागे घेत नाही. पाहून झालं की ती पावलावर एक चापट मारते आणि म्हणते, "जाय. पय आते."

साखर अजून उंबरठ्यावरच आहे, आत आलेली नाही.

बांधाकडचा वळसा मी सोडला. परवा तो दुधाच्या गाडीवाला पुन्हा बाजूला आला. गाडी हळू केली, भगव्या बुटांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खरोखरच काकुळतीला येऊन म्हणाला, "भाऊ, आज तं सांगा, रोज कसाले पयतस?"

मी म्हटलं, "मायनी सांगेल शे."

"असं व्हय!" तो म्हणाला. "मंग पया." आणि एकदाही बसा न म्हणता तो गाडी पुढे घेऊन गेला.