डॉर्सी मॅलोचा अंगठा

“बाबांच्या अंगठ्याला ती चीर जाणवली होती का, डॉक्टर?”

विल्मा मॅलोने मला हे विचारले तेव्हा आम्ही तिच्या मेंढवाड्याच्या दारात उभे होतो आणि तिच्या पायाशी, खाद्याच्या रिकाम्या गोणीवर, त्या दिवशी मारली गेलेली दोन कोकरे पडलेली होती. उत्तर एका शब्दाचे होते. जनावरांच्या डॉक्टरला अशा उत्तरांची सवय असते: गाभण आहे की नाही, वाचेल की नाही. हे उत्तर मात्र मला तेव्हा देता आले नाही, आणि पुढच्या वर्षांतही ते माझ्या हाती लागलेले नाही.

विल्माचे वडील डॉर्सी मॅलो आमच्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात एकतीस वर्षे बंदुकांच्या काउंटरमागे उभे होते. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतले हे गाव. खिळे, कुंपणाची तार, मेंढ्यांचे मीठ आणि रायफली एकाच छपराखाली मिळतात यात इथे कोणाला नवल वाटत नाही. डॉर्सीची ख्याती मात्र विकण्यासाठी नव्हती, नाकारण्यासाठी होती. अर्धस्वयंचलित रायफल ऐन वेळी अडकली की मालक रायफलीला शिव्या देत दुकानात येई. डॉर्सी रायफलीकडे पाहतही नसे. “घोडा लंगडला की आधी नाल बघतात,” असे म्हणून तो हात पुढे करी, आणि समोरचा माणूस काडतुसांची ती चपटी पेटी, म्हणजे मॅगझीन, त्याच्या तळहातावर ठेवी.

त्याची पद्धत सर्वांना पाठ होती, तरी ती कोणी स्वतः पुरी करीत नसे. प्रत्येक मॅगझीनवर तो पांढऱ्या रंगाने क्रमांक घाली. बिनक्रमांकाच्या वस्तूला चारित्र्य नसते आणि वाईट वस्तू चांगल्यांत मिसळून जाते, हे त्यामागचे तत्त्व. मग तो पाठीवरचा सांधा पाही. मग काडतुसे भरून ते दोन आठवडे फळीवर ठेवी, स्प्रिंग थकते का ते पाहण्यासाठी. त्यानंतर कमरेइतक्या उंचीवरून लाकडी जमिनीवर टाकी आणि शेवटी जुन्या दगडखाणीवर नेऊन तीनदा भरून तीनदा झाडून रिकामे करी. एक चूक झाली तर लाल ठिपका. दुसरी झाली तर काउंटरच्या टोकाला बसवलेल्या वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, धरून मॅगझीन चपटे केले जाई, मालकाच्या डोळ्यांदेखत. इथले लोक चुकार मॅगझीन टाकवत नाही म्हणून ‘सरावाला होईल’ असे म्हणत पिशवीत परत ठेवतात, आणि वर्षभराने तेच नेमके हरणामागे घेऊन जातात. डॉर्सीच्या वाइसला हा मोह माहीत नव्हता. जे उरे त्यावर तो बारीक कुंचल्याने स्वतःच्या नावाचे ‘डी’ हे अक्षर काढी. मृत्युपत्रात डीवाली मॅगझिने नावानिशी वाटून दिल्याचे मी पाहिले आहे.

पण या साऱ्याआधी एक परीक्षा असे, आणि बहुतेकांचा निकाल तिथेच लागे. मॅगझिनच्या तोंडाशी दोन पातळ कडा आत वळलेल्या असतात. त्यांना सगळे ओठ म्हणतात. तेच काडतूस धरून ठेवतात आणि एका वेळी एकच सोडतात. ओठ केसभर फाकले, तर दोन काडतुसे एकदम वर येतात आणि रायफल गुदमरते. डॉर्सी डोळे मिटून उजव्या अंगठ्याचे पेर त्या ओठांवरून संथपणे फिरवी. डोळा फसतो, बोट फसत नाही, असे तो म्हणे. दगडखाणीतून निवृत्त झालेला आव्हरी पफनबार्गर रोज सकाळी कॉफीच्या भांड्याजवळ बसलेला असे. तो एकदा म्हणाला, “बायकोचा गालसुद्धा तू इतक्या मायेने कुरवाळला नसशील.”

“ती कधी अडकली नाही,” डॉर्सी डोळे न उघडता म्हणाला.

सैन्यात असताना, १९६९ साली, तो समुद्रापारच्या एका तळावर शस्त्रागारात होता. तिथून परतताना अ‍ॅल्युमिनियमची काही मॅगझिने त्याच्या पिशवीतून घरी आली. वर्षांमागून वर्षे एकेक करून ती वाइसमध्ये गेली. सातव्या क्रमांकाचे तेवढे राहिले. ते कधीच चुकले नव्हते. कोणी गिऱ्हाईक आपल्या मॅगझिनचे गुणगान करू लागले तर डॉर्सी त्याला तोडीत असे: “त्याची पुण्याई मला सांगू नका. पुढचं काडतूस वर येतं का, ते दाखवा.” पण सात नंबर स्वतः कित्येक वर्षांत खाणीवर गेलेले नव्हते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणालाही खटकले नव्हते. देवळातल्या घंटेचा आवाज कोणी तपासत नाही.

२०१४ च्या हिवाळ्यात मी कुत्र्याच्या साखळीसाठी दुकानात गेलो होतो. डॉर्सी बोलता बोलता कॉफीच्या गरम भांड्यावर हात टेकून उभा होता. मला जळक्या कातडीचा वास आला. त्याला आला नाही. मी त्याचा हात उचलला तेव्हा अंगठ्याचे पेर पांढरे पडून फुगले होते. त्याने त्याकडे दुसऱ्याचा हात पाहावा तसे पाहिले. साखरेच्या आजाराने त्याचे पाय आधीच बधिर झाले होते, हे गावाला माहीत होते. हातांचे कोणाला माहीत नव्हते.

मी त्याला म्हटले, माणसांच्या डॉक्टरला दाखवा.

“दाखवलंय. तो म्हणतो, गेलेलं परत येत नाही.” मग त्याने आव्हरीच्या खुर्चीकडे पाहिले, ती रिकामी होती. “हे गावात बोलू नका, डॉक्टर. माझ्याकडे दुसरं काय आहे?”

मी बोललो नाही. त्यानंतरही मॅगझिने येत राहिली, डॉर्सी डोळे मिटत राहिला, अंगठा फिरत राहिला. खाणीवरची परीक्षा तो करीतच असल्यामुळे काही बिघडत नाही, असे मी मनाशी धरून चाललो. हा युक्तिवाद निर्दोष होता, फक्त त्यात सात नंबर बसत नव्हते.

विल्मा ही त्याची एकुलती मुलगी. आई गेल्यावर नवऱ्याला सोडून ती या खोऱ्यात परत आली आणि तिने आजोबांचा मेंढ्यांचा कळप पुन्हा उभा केला. ब्याण्णव मेंढ्या होत्या. आमच्या खोऱ्यात दुसरा कळप उरलाच नव्हता. मग कोयोटी आले. हा प्राणी कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान आणि दोघांहून हुशार. पहिल्या वसंतात त्यांनी चौदा कोकरे नेली, दुसऱ्यात एकोणीस. राखणीची कुत्री, विजेचे कुंपण, सापळे, सारे करून झाले. ओहायोत कोलंबसला तिची मावसबहीण इस्पितळाच्या धुलाईघरात मुकादम होती आणि एक जागा धरून बसली होती. विल्माने काउंटरवर कोपरे टेकून वडिलांना स्पष्ट सांगितले होते की या वसंतातही तसेच झाले, तर ती कळप विकून निघून जाईल. डॉर्सीने मान हलवली आणि खिळे मोजायला घेतले. ती गेली, तर डोंगरावरच्या घरात तो एकटाच उरणार होता, आणि बटणे लावायला त्याला आताशा तिची मदत लागे.

२०१६ च्या मार्चमध्ये विल्माने प्लास्टिकची दोन नवी मॅगझिने घेतली. डॉर्सीने त्यांवर क्रमांक घातले, काडतुसे भरली आणि ती फळीवर ठेवली. चौथ्याच दिवशी मेंढ्या आठवडाभर आधी व्यायला लागल्या आणि कोयोटींची एक जोडी पहाटेच्या उजेडात वरच्या कुरणाच्या कडेला दिसू लागली. विल्मा मॅगझिने मागायला आली. मी तेव्हा फाटकाचे बिजागर घेत होतो. डॉर्सी म्हणाला, त्यांचे दोन आठवडे झालेले नाहीत. तिने सांगितले की कोयोटी दोन आठवडे थांबणार नाहीत. तिच्या जुन्या मॅगझिनचा त्याने आदल्याच महिन्यात चुराडा केला होता.

तेव्हा त्याने खणातून सात नंबर काढले. डोळे मिटले, अंगठा ओठांवरून फिरवला. एकदा, आणि पुन्हा एकदा. एरवी तो एकदाच फिरवी. मग डोळे उघडून बराच वेळ खिडकीबाहेर, मालट्रकमधून उतरणाऱ्या पोत्यांकडे पाहत राहिला. त्यानंतर त्याने कुंचला घेतला आणि पुसट झालेले ‘डी’ हे अक्षर नव्याने गिरवले.

“सात कधी चुकलेलं नाही,” तो म्हणाला. “सत्तेचाळीस वर्षं.”

विल्मा अकरा दिवस पहाटे गवताच्या माळ्यावर बसली. बाराव्या पहाटे जोडी कुंपणाखालून आत आली, साठ पावलांवर, दोन्ही उघड्यावर. तिने पहिली गोळी झाडली. ती नराच्या पोटाखालून मातीत गेली. दुसरी निघालीच नाही. दोन काडतुसे एकमेकांच्या अंगावर चढून नळीच्या तोंडाशी अडकली होती. विल्मा ती बोटांनी उपसत असताना जोडी क्षणभर थांबली, तिने वर माळ्याकडे पाहिले आणि ती कुंपणापलीकडे गेली. माळ्याचा अर्थ त्यांना कळला होता. एकदा शिकलेला कोयोटी ते विसरत नाही. त्यानंतर उजेडात ती जोडी कोणालाही दिसली नाही. दिसली ती फक्त सकाळी मरून पडलेली कोकरे.

त्याच दिवशी ती दुकानात आली. आव्हरी खुर्चीत होता, मी मीठ घेत होतो. तिने मॅगझीन काउंटरवर ठेवले. डॉर्सीने सवयीने डोळे मिटून अंगठा पुढे केला.

“बाबा, डोळे उघडे ठेवून बघा.”

त्याने चष्मा लावला आणि मॅगझीन दिव्याखाली धरले. डाव्या ओठाच्या मागच्या टोकाला एक बारीक काळी रेघ होती. आव्हरी पुढे वाकून म्हणाला की आजच्या झटक्याने गेलं असेल, जुना धातू तो, कोणाचा दोष नाही. तो डॉर्सीला वाट काढून देत होता. डॉर्सीने नखाने रेघ उकलली.

“नाही,” तो म्हणाला. “आत काजळी धरलीय. ताजी असती तर आतून चकाकली असती. चीर जुनी आहे.”

त्याच्याइतके हे कोणी ओळखू शकले नसते, आणि तो गप्प बसता तर कोणाला कळलेही नसते.

“मग तुम्हाला जाणवली नव्हती?” विल्माने विचारले.

त्याने सात नंबर वाइसमध्ये ठेवले आणि दांडा फिरवला. दांड्यावरून हात दोनदा घसरला, पण आव्हरी उठू लागला तेव्हा त्याने त्याला मानेनेच बसवले. मग फळीवरची दोन नवी मॅगझिने काढून मुलीसमोर ठेवली. “घेऊन जा. यांचे दोन आठवडे झालेत.”

ती मॅगझिने उत्तम निघाली. त्यांचा उपयोग काही झाला नाही. मेअखेरीस तेवीस कोकरे गेली होती, आणि त्यांतल्या दोन कोकरांपाशी उभी राहून विल्माने मला तो प्रश्न विचारला. त्याला चीर जाणवली नसेल, तर गेली दोन वर्षे तो ज्या अंगठ्याच्या भरवशावर अक्षर गिरवीत होता तो मेलेला होता आणि मला ते माहीत होते. जाणवली असेल, तर उभ्या आयुष्यात एकदाच त्याने एका वस्तूला तिच्या पुण्याईवर सोडले, आणि ती वस्तू आपल्या मुलीच्या हातात दिली. मी म्हणालो की त्याचे हात बरेच दिवस बधिर आहेत. ती म्हणाली, “ते मला माहीत आहे, त्यांची बटणं मीच लावते. मी तुम्हाला ते विचारलेलं नाही.”

गावाने डॉर्सीला दोष दिला नाही. गावाने त्याहून वाईट केले. लोक त्याच्याकडे मॅगझिने आणतच राहिले. आव्हरीने पाच आणली. डॉर्सीने डोळे मिटले, अंगठा फिरवला. खाणीवर जाण्याची ताकद आता त्याच्यात नव्हती, म्हणून आव्हरी म्हणाला की तेवढं मी करतो, तू फक्त अक्षर काढ. त्याने काढले. दोन आठवड्यांनी आव्हरीने आणखी पाच आणली, मग आणखी पाच. गावच्या अग्निशमन दलाने निधीसाठी घातलेल्या जेवणात, रानलसूण आणि बटाट्यांच्या ताटावर, तो सर्वांना सांगे की डॉर्सीला कामातून सवड नाही. पुरुष मान डोलावत. घरी गेल्यावर प्रत्येकाने आपापली डीवाली मॅगझिने पुन्हा तपासली होती. काहींनी टर्पेंटाइनने अक्षर पुसले होते.

ऑगस्टमधल्या एका सकाळी आव्हरीने पुन्हा पाच मॅगझिने काउंटरवर मांडली. या वेळी डॉर्सीने डोळे मिटले नाहीत.

“आव्हरी, हीच पाच तू चौथ्यांदा आणतोयस.”

आव्हरी म्हणाला, “छे, ही नवी आहेत.”

“रंग खरवडलायस. पण खालचा आकडा दिसतो. माझा तीन असाच असतो.” त्याच्या आवाजात राग नव्हता. “माझे डोळे चांगले आहेत, आव्हरी. बोटं गेलीत.”

आव्हरीने टोपी काढली, परत घातली. म्हणाला, “कॉफी ओतू का?” डॉर्सी म्हणाला, ओत, पण भांडं माझ्यापासून लांब ठेव. त्याने कुंचला पुसला, रंगाच्या डबीचे झाकण लावण्याचा प्रयत्न केला, आणि ते नीट बसले की नाही हे त्याला समजेना, तेव्हा मी बसवून दिले.

त्या महिन्यापासून तो काउंटरमागे उभा राहिला नाही. विल्माने कोलंबसला येण्याचा आग्रह केला. तिथल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आपण काय करणार, असे विचारून तो इथेच राहिला. ती गेल्यावर तो बटणांऐवजी डोक्यावरून घालायचे सदरे वापरू लागला. मी कधी गेलो तर तो ओसरीवर बसलेला असे, हात मांडीवर उताणे ठेवून. त्या प्रश्नापाशी मी दोनदा पोहोचलो आणि दोन्ही वेळा हवेबद्दल बोललो. एकदा तो आपणहून म्हणाला, “सातला मी खाणीवर न्यायला हवं होतं.” मी थांबलो. पुढे त्याने हवेचाच विषय काढला.

विल्माचा कळप ८ ऑक्टोबर २०१६ रोजी लिलावात गेला. डॉर्सी मॅलो १९ जानेवारी २०१९ रोजी वारला. २०२१ च्या जूनमध्ये दुकानातला मागचा काउंटर काढला गेला. तिथे आता कुत्र्यांच्या खाद्याची पोती रचलेली असतात.