न हसलेला अनारसा

बायको पोटॅशियमच्या बॅटरीवर पीएचडी करते असं सांगितलं, की ऑफिसातले लोक आधी तिचं वय विचारतात. मुलगी बारावीला गेल्यावर हिने हे खूळ घेतलं. लिथियम महाग, पोटॅशियम मुबलक, इतकं मलाही कळलं. पुढचं तिने ओट्यापाशी समजावलं. पोटॅशियमचा कण दांडगा, त्याला शिरायला-निघायला कार्बनमध्ये जाळी हवी. म्हणून ती साखरेत मीठ कालवून भट्टीत त्याचा कोळसा करायची आणि मग मीठ धुऊन काढायची. मिठाच्या जागी भोकं राहायची. मला हे भारी वाटलं, अजूनही वाटतं.

पण बॅटरी टिकेना. बटणाएवढा सेल थोड्या दिवसांनी उघडावा, तर तांब्याच्या पत्र्यावरचा त्या कोळशाचा लेप भुगा होऊन पडलेला. त्या दिवशी मानपाड्याच्या लॅबमधून ती घरी आली, की चप्पल काढता काढता एवढंच म्हणायची, "हसला." अनारसा तुपात सोडल्यावर फुटून पसरला, की आमच्याकडे तो हसला म्हणतात. ती स्वतः मात्र हसेनाशी झाली होती. आता नवा लावलेला सेलही गेला तर विषय बदला, असं गाईडनी सांगितलं होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं तिच्यात बळ नव्हतं. ती सोडूनच देणार होती.

त्यात अधिक महिना आला. कल्याणला सासूबाईंनी जावयासाठी, म्हणजे माझ्यासाठी, अनारशांचा घाट घातला. तळायला ही बसली. पहिलाच हसला. तिने पिठात थोडी तांदळाची पिठी मळली आणि दुसरा जमला. मी जावयाच्या तोऱ्यात म्हणालो, "जाळी जास्त झाली असेल. तुझ्या कोळशातलं मीठपण कमी करून बघ."

"हा साखरेने हसला, जाळीने नाही," ती कढईवरची नजर न काढता म्हणाली. "आणि भोकं फार झाली की कोळसा ठिसूळ होतो, म्हणून मीठ मी कधीच कमी केलंय. तोच सेल चालू आहे आता. अनारशाने बॅटरी शिकवली असं ऑफिसात सांगत फिरू नकोस. भट्टीपुढे मी उभी राहिलेय."

मी गुमान अनारसे खाल्ले. उत्तम झाले होते.

तो सेल उघडायच्या दुपारी मी माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षात अडकलो होतो. फोन वाजला.

"अरे, लेप अख्खा आहे. हसला नाही."

मग पलीकडून तिचं हसू ऐकू आलं, आधी दबकं, मग मोठ्याने. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत राहिला, कारण मी रडत होतो.