सायलीने केलेली सही

परवा बोर्ली पंचतनच्या बाजारात वाळलेल्या जवळ्याचा वास आला आणि मला उरणच्या मच्छीमार सोसायटीचा हॉल आठवला. काही वर्षांपूर्वी तिथे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी हॅकर मंडळींची बैठक घ्यायचो. खिडकीबाहेर जवळा वाळत असायचा आणि आत आम्ही दहाबारा जण लॅपटॉप उघडून बसायचो.

एका रविवारी जवळच्या पॅथॉलॉजी लॅबचे मालक तणतणत आत आले. आमच्यातल्या सायलीने त्यांच्या वेबसाइटमधली चूक शोधून त्यांना पत्र पाठवलं होतं.

"चोरी करता आणि वर पत्रं लिहिता? पोलिसांत देईन एकेकाला!"

सायली शांतपणे उठली.

"सर, तुमच्या स्वतःच्या रिपोर्टचा नंबर सांगता? तुमची परवानगी असेल तरच."

त्यांनी रागातच सांगितला. तिने तो वेबसाइटच्या पत्त्यात टाकला आणि वेबसाइटने पासवर्ड न विचारताच त्यांची रक्तातली साखर भिंतीवरच्या पडद्यावर झळकली.

"बंद कर ते आधी!" ते मटकन खुर्चीत बसले. "असं सगळ्यांचं दिसतंय?"

"सगळ्यांचं."

त्यांनी तिथूनच वेबसाइटवाल्याला फोन लावला. दुपारी सायलीने पुन्हा नंबर टाकला, तर पान उघडेना.

"आता न्हाय दिसत!" दारात उभे असलेले सोसायटीतले एक होडीवाले नाखवा ओरडले आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. मालकांनी सायलीपुढे हात जोडले.

तेव्हा मला वाटलं होतं, बैठक वाचली. आज अभिमान वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पत्राखाली नाव घालू नकोस, असं पोलिसांच्या भीतीने मीच तिला बजावलं होतं. तिने ऐकलं नाही. पूर्ण नाव लिहून खाली ठसठशीत सही केली होती.