गोधडीतला भात

मुकुटबनच्या आसपास लग्न ठरलं की आधी कौसल्याबाईला विचारायचं आणि मग तारीख धरायची. बाई तोंडाने फटकळ, पण हाताला अशी चव की रुसलेला व्याहीसुद्धा मुकाट्याने पान पुढे करी.

कापसाने दगा दिलेल्या त्या वर्षांत एकेकट्याला लग्न झेपेना, म्हणून सामूहिक लग्नं होऊ लागली. एका मांडवात आठ-दहा जोडपी आणि सारी पंचक्रोशी जेवायला. एवढा भात सकाळी उरकणार कसा? कौसल्याबाई तो आदल्या संध्याकाळीच शिजवी, धुतलेल्या चादरीवर त्याचा ढीग घाली आणि वरून गोधडी पांघरी. सकाळपर्यंत भात कोमट राही, याचा तिला कोण अभिमान!

एकदा मात्र पंगती उठल्या आणि घटकाभरात मांडवामागे ओकाऱ्या सुरू झाल्या. एका नवरदेवाचा मामा उकंडा वरातीत नाचायचा सोडून दवाखान्यात सलाइन लावून पडला. सगळे बरे झाले, पण बाईचं नाव गेलं. भाजीतल्या वांग्यांवर औषधाचा फवारा असेल, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली.

शेवटी तिची भाची शीला, जी त्याच दवाखान्यात नर्स होती, घरी आली.

"मावशी, वांगे नाई. तुह्या गोधडीनं केलं हे."

"भात खदखदा शिजला होता. सकाळी वाफबी देल्ती."

"काही जंतू उकळीतबी मरत नाई. कोमट ढिगात रातभर वाढते अन् जहर सोडते. मंग कितीबी वाफ दे, ते जात नाई."

कौसल्याबाईला फार लागलं. आपल्या हातचं आता कोण खाणार, असं ती पुटपुटली.

"माह्या लग्नात भात तूच शिजवजो," शीला जाताना म्हणाली.

शीलाच्या लग्नात बाईने एका मोठ्या पातेल्याऐवजी लहान लहान गंज चुलींवर चढवले. पंगत बसेल तसा भात उतरायचा, चुलीवरून थेट पानात. पण पहिली पंगत पोळी-भाजीच चिवडत बसली. भाताला कुणी हो म्हणेना. पंगतीत उकंडाही होता.

"बाई, गोधडी कुठं हाय?" त्याने विचारलं.

"नवरीले देल्ली, आंदणात."

अख्खी पंगत हसली. उकंडाने पान पुढे सरकवलं, वाफाळता भात वरणात कालवला आणि चाटून-पुसून खाल्ला.

"अजून वाढा," तो म्हणाला.

बाईने वाढला. मग आणखी वाढला. "बस, बस," असं तो म्हणत राहिला, पण त्या दिवशी कौसल्याबाईला ते ऐकूच येत नव्हतं.