वीतभर उजवीकडे

डिचोलीत मेस्तांच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात मी लेथवर होतो. मोपाच्या कातळी सड्याकडून दोन भाऊ शेतराखणीच्या परवान्याची, वडिलांपासून चालत आलेली रायफल घेऊन आले. तिची गोळी नेहमी वीतभर डावीकडे जायची. थोरला म्हणून डुकराच्या वीतभर उजवीकडे नेम धरी, आणि डुक्कर पडे. मग दुरुस्ती कशाला, असं मी विचारलंच. माझी जीभ गप्प बसत नाही. धाकटा हसला; त्यालाही आता रायफल चालवायची होती. "आतां हांवय मारतलों. म्हाका ती वीत जमना."

नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या दोन्ही दातांना निळी शाई लावून पाहिली. एकाची पुसली, दुसऱ्याची ओलीच राहिली. म्हणजे एकच दात रिसीव्हरच्या पोलादी घरात टेकत होता. नळी बसते ते तोंडही तिरकं. लेथवर ते नेमकं मध्यावर बसून डायलचा काटा स्थिर होईपर्यंत माझा अख्खा दिवस गेला. मग केसभर केसभर कापत तोंड सरळ केलं, घासून दोन्ही दात सारखे टेकवले. मेस्त नुसते "हूं" म्हणाले. त्यांची शाबासकी तेवढीच.

भाऊ न्यायला आले तेव्हा समोरच्या दगडी गडग्यावरच्या खुणेकडे रिकामी नळी धरून मी मागून आत पाहिलं. गोलात खूण दिसेना. तिच्यासमोर धाकटा उभा होता, हसत. मी पटकन नळी खाली केली.

"आदीं कागदार मारून पळय," मेस्तांनी थोरल्याला बजावलं. "हाताची संवय वचूंक जाय." वीतभर उजवीकडे धरायची सवय आधी मोडायला हवी होती.

"पयलो बार राखणदाराचो," थोरला म्हणाला. गावाच्या राखणदार देवाच्या नावाने पहिली गोळी आभाळात सोडायची त्यांची रीत. ती त्यांनी पाळली. परवान्यावर काडतुसं मोजकीच, कागदावर कोण घालवणार? दुसरी गोळी थेट शिकारीत सुटली.

थोरला पुन्हा आला तो एकटा, रिकाम्या हातांनी. रायफल पोलिसांनी नेली होती. धाकटा डुकरं उठवणाऱ्या हाकाऱ्यांत होता, डुकराच्या उजव्या बाजूला काजूच्या झुडपांत. जागच्या जागी गेला.

"हांवें वीत सोडिल्ली," तो मेस्तांना परत परत सांगत होता. "डुकराचेरूच नेम धरिल्लो. पळयात."

त्याने नसलेली रायफल खांद्याला लावली, दाराच्या खांबावर नेम धरला. डोळा खांबावर होता. हात मात्र आपसूक वीतभर उजवीकडे सरकले आणि थांबले. तिथे खांबाला खेटून मी उभा होतो. मेस्तांनी मान खाली घातली.

"सारको खांबार आसा मरे?" त्याने मलाच विचारलं.

मी हळूच बाजूला झालो.

"हय," मी म्हणालो, "खांबारच आसा."