उघड्या डोळ्यांवरची रेघ

माझी थोरली बहीण बासष्टाव्या वर्षी कॅमेऱ्याला घाबरायला लागली. त्याआधी फोटो म्हटला की पदर सारखा करून पहिली उभी राहणारी हीच. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कडेनं गळायला लागलं आणि तासाभरात चेहऱ्याची डावी बाजू खाली आली. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, मेंदूला काही झालेलं नाही, हळूहळू सुधारेल. तसं ते बरंच सुधारलंही. तोंड सरळ झालं, बोलणं पूर्वीसारखं झालं. डावा डोळा मात्र उजव्यापेक्षा लहान राहिला. त्यात वयानं वरची पापणी सैल झालेली, ती डाव्या बाजूला आणखीच ओघळली.

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक फोटोत ताई डावीकडून कोणीतरी हाक मारल्यासारखी तिकडे बघते आहे. दिसतो तो फक्त उजवा गाल आणि उजवा डोळा.

मग भाचीचं, ताईच्या मुलीचं, लग्न ठरलं. हॉल कल्याणचा, मुलाकडची माणसं पनवेलची. मेहुणे जाऊन आठ वर्षं झाली होती, त्यामुळे कन्यादानाला दीर आणि जाऊ बसणार हे आधीच ठरलेलं. राहिलं स्टेजवर उभं राहणं, आल्यागेल्याला भेटणं आणि फोटो. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई मांडवात थांबत नाही, बाजूला तुळशीजवळ बसते, पाणी घालते, हात जोडते. पंधरा मिनिटांची गोष्ट. ताईनं ती दिवसभर ताणायचं ठरवलं.

"मी तुळशीपाशी बसेन," ती मला म्हणाली. "मग जेवणाकडे बघेन, मग रुखवत आवरायला घेईन. स्टेजवर तू उभी राहा माझ्या जागी."

हे भाचीच्या कानावर गेलं. ती काही रडली-भेकली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, आई स्टेजवर आली नाही तर मी एकही फोटो काढू देणार नाही. सांग तिला." दोघी एकाच मातीच्या. हट्टाला पेटल्या की आवाज चढत नाही, नुसता शब्द मागे घेत नाहीत.

मी ठाण्याच्या शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली. फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ मारायची ही माझी ख्याती, आणि खोटं कशाला बोलू, गर्वसुद्धा. स्वतः टिकलीपलीकडे कधी काही लावलं नाही. मेकअप म्हणजे रिकाम्या वेळाचे उद्योग असं माझं मत होतं आणि ते मी न विचारता सगळ्यांना सांगत असे. पण बहिणीसाठी टेंभी नाक्याच्या एका दुकानातून आयलायनर आणलं, चार व्हिडिओ पाहिले आणि डोंबिवलीला जाऊन तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. डोळे मिटायला लावले. बोटानं पापणी कानशिलाकडे ताणून धरली आणि एका दमात रेघ ओढली. दोन्हीकडे सारखी आणि सुरेख.

"उघड," मी म्हटलं.

ताईनं डोळे उघडले. डावीकडची रेघ पापणीच्या घडीत गडप झाली होती आणि तिचा ओला ठसा वर भुवईच्या खाली उमटला होता. उजवीकडची शेपटी खाली ओघळली होती. ताईनं आरसा जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. मग खोबरेल तेलाची बाटली पुढे ओढत म्हणाली, "राहू दे गं. नापास." ती हसून म्हणाली, पण मला इतकं वाईट वाटलं की मी चहा न घेताच निघाले.

भाचीनं मग माझा पराक्रम आधीच कानावर घालून आम्हाला तिच्या मेकअपवाल्या बाईंकडे नेलं. डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खुर्ची, एक मोठा आरसा आणि मागे एक बाक, एवढंच पार्लर. बाई पंचेचाळिशीच्या, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, अंगानं भरलेल्या आणि आवाजानं त्याहून. मी त्यांच्याकडे जरा संशयानंच बघत होते. त्यांनी आधी ब्रशला हातच लावला नाही. ताईच्या समोर स्टूल घेऊन बसल्या आणि ओले बोंबील तळताना रवा लावता की तांदळाचं पीठ, यावर बोलत राहिल्या. दहा मिनिटं नुसतं बोंबील. मला वाटलं, वेळ काढतायत. नंतर लक्षात आलं, त्या ताईचे डोळे बघत होत्या. बोलताना कुठे आक्रसतात, हसताना कुठली सुरकुती कुठे जाते, डावी पापणी किती उचलते.

"आता सरल माझ्याकडं बगा," त्या म्हणाल्या. "डोले मिटू नका."

"मिटल्याशिवाय कसं काढणार?" मी विचारलं.

"उगडेच ठेवून काडनार. आनि बाई, तुम्ही त्यांची पापनी तानली होती ना? ती कातडी हाय, इलास्टिक नाय. तानून सोडली की रेघ गोला होते."

तीस वर्षांत मला कोणी गप्प बसवलं नव्हतं.

कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून, करंगळी ताईच्या गालाला लावून त्यांनी पापण्यांच्या केसांच्या मुळाशी नुसते ठिपके दिले. पेन्सिल काळी नव्हती, गडद तपकिरी. ठिपके देऊन झाले की मागे सरकून बघायचं, पुन्हा पुढे यायचं, मग ते बारीक ब्रशनं जोडायचे. बाहेरचा कोपरा जिथे खाली वळतो त्याच्या आधीच रेघ थांबवून वर उचलली. घडीच्या जरा वर ओल्या मातीसारखा एक रंग लावला. चमकी लावायचं भाचीनं सुचवलं, तर म्हणाल्या, "चमक लावली की पयली सुरकुतीच चमकते." खालच्या पापणीला जवळपास काहीच लावलं नाही.

हे कुठे शिकलात, असं मी विचारलं. "कोर्स केला, तिथं सगल्या विशीतल्या पोरींचे डोले होते," त्या म्हणाल्या. "म्हातारा डोला मी आयशीवर शिकले." त्यांची आई सत्तरीतही मासळीबाजारात बसते. पहाटे घरात वेळ नाही, म्हणून टोपलीला टेकवलेल्या आरशाच्या तुकड्यात बघून तिथेच काजळ घालते, तेही डोळे टक्क उघडे ठेवून. मिटले तर तेवढ्यात मांजर पापलेट घेऊन जाईल!

ताईनं आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दोन्ही डोळे सारखे होते. म्हणजे मोजले असते तर नसतेही भरले, पण समोरून बघणाऱ्याला सारखे.

"हसले तरी असंच राहील?" तिनं विचारलं.

"हसा की मग."

ताई हसली. तसंच राहिलं. त्या क्षणी मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, एवढंच.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड शीळफाट्याला अडकलं. मुहूर्त गाठायचा म्हणून सगळ्यांची नुसती धावपळ. बाईंनी भाचीला तयार करता करता ताईचे डोळे उरकले होते आणि पाहुणे आल्या आल्या अंतरपाट धरला गेला. ताई ठरल्याप्रमाणे हॉलच्या मागच्या बोळात ठेवलेल्या तुळशीकडे गेली. मी तांब्या घेऊन सोबत. ताईनं पाणी घातलं, हात जोडले आणि डोळे मिटले.

तिच्या मिटलेल्या डोळ्यांवरच्या रेघा मी तोपर्यंत कधी पाहिल्याच नव्हत्या. पार्लरमध्ये ताईला डोळे मिटू दिले नव्हते आणि मीही मागच्या बाकावर बसले होते. आता त्या माझ्यासमोर दीड हातावर होत्या. डावीकडची रेघ चांगली जाड, उजवीच्या दुप्पट. उजवीकडची दोऱ्याएवढी. उंचीही वेगळी, टोकंही वेगळी. घाईत बिघडवलं, मी मनात म्हटलं. असल्या रेघांना मी मुलींच्या वह्यांत लाल शाईनं काट मारत आले होते. बहिणीच्या तोंडावर, पोरीच्या लग्नात, ही अशी रेघ!

"ताई, डोळे उघडू नकोस हं."

"का गं?"

"काजळ पसरलंय जरा."

आत तिसरं मंगलाष्टक सुरू झालं होतं. मी रुमालाचं टोक तांब्यात भिजवून डावीकडची रेघ पुसून बारीक केली. पर्समध्ये पडून राहिलेल्या त्या आयलायनरनं उजवीकडची भरून तिच्याइतकी केली. हात जरासुद्धा हलला नाही. शेवटच्या सावधानाला दोन्ही रेघा तंतोतंत एक झाल्या आणि मी स्वतःला पैकीच्या पैकी मार्क दिले.

सनई वाजली. टाळ्या झाल्या. ताईनं डोळे उघडले.

डावा डोळा नाहीसाच झाला होता. जी काही बारीक रेघ उरली होती ती घडीनं गिळली, आणि उजवा डोळा काळाभोर, मोठा, त्याच्याशेजारी डावा कधी नव्हता एवढा लहान. ताईनं माझं तोंड पाहिलं. मग मोबाइलमध्ये स्वतःचं पाहिलं. तुळशीशेजारच्या पाटावर बसली आणि मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"तू जा," ती म्हणाली. "सांग, आईला चक्कर आली."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मी वधूच्या खोलीकडे अक्षरशः पळाले. बाई दुसऱ्या शालूच्या निऱ्या घालून ठेवत होत्या, तोंडात चार सेफ्टी पिना.

"मी पुसलं," मी म्हटलं. "मला वाटलं चुकलंय. मी सारखं केलं."

त्यांनी तोंडातल्या पिना काढल्या, एकेक करून उशीला टोचल्या, पेटी उचलली आणि चालायला लागल्या. बोळात आल्यावर ताईला म्हणाल्या, "काकू, उठा. उभ्यानं करू. स्टेजवर बसून नाय जायचंय तुम्हाला."

आजूबाजूनं वाढपी जिलेब्यांची ताटं घेऊन जात होते. बाईंनी पाठ भिंतीला टेकवली, ताईला समोर घेतलं आणि मला बोट दाखवून आपल्या शेजारी उभं केलं. "काकू, बहिनीकडं बगा. तिच्या डोल्यांत. हलायचं नाय."

ताई माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. तेव्हा मला कळलं की दोन वर्षांत मी तिच्याकडे असं समोरून पाहिलंच नव्हतं. जेवायला बसताना, गाडीत, डॉक्टरकडे, मी नेहमी तिच्या उजव्या बाजूला बसत होते. तिला बरं वाटावं म्हणून, असं मी समजत होते. खरं म्हणजे मलाच तो डोळा बघवत नव्हता. मला रडू यायला लागलं.

"ए, तू नको रडू," ताई ओठ न हलवता म्हणाली. "माझी मान हलेल."

"उगडला की डावा अर्दी रेघ खातो," बाई ठिपके देता देता मला सांगत होत्या. आवाजात राग नव्हता. "म्हनून त्याला दुप्पट द्याची. उजवा खात नाय, त्याला कमी. मिटल्यावर वाकडीच दिसनार. पन मिटलेले डोले बघाया कोन येतो?"

मी मान हलवली. भूमितीतलं हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुठल्या मुलीला शिकवलं नव्हतं. त्या उभ्या उभ्या, टेकू नाही, धड उजेड नाही, एका हाताच्या तळव्यावर दुसरं मनगट ठेवून काम करत होत्या आणि ब्रशचं टोक केसाएवढंही थरथरत नव्हतं. इतक्या जवळून कोणाचं कसब बघण्याचं भाग्य मला फार वेळा लाभलेलं नाही.

"झाला," त्या म्हणाल्या. आरसा दाखवलाच नाही. "बहिनीच्या तोंडावर दिसतंय ना, बरा झालाय ते?"

ताईनं माझं तोंड नीट न्याहाळलं. मग माझ्या हातातून तांब्या घेतला, तुळशीपाशी ठेवला, पदर सारखा केला आणि बोळातून हॉलमध्ये गेली. मी आणि बाई मागोमाग.

स्टेजवर भाची गळ्यात हार घालून उभी होती. समोर फोटोग्राफर हात बांधून उभा. तिनं त्याला एकही फोटो काढू दिला नव्हता. ताई पायऱ्या चढली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. साखरपुड्यात ताईनंच या फोटोवाल्या पोराला उजव्या बाजूचं दहा वेळा बजावलं होतं, त्यामुळे तो बिचारा कॅमेरा उचलून आठवणीनं म्हणाला, "काकू, तुमची ती बाजू घेतो. जरा वळा."

"नको रे," ताई म्हणाली. "समोरून काढ."