कॉफी न पिणाऱ्या घरातलं कॉफी मशीन

बुद्धपौर्णिमेनंतरच्या त्या रविवारी मी घरातून निघाले ती धुसफुसतच. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावातली आमची मंडळी हॉल घेऊन वंदनेला जमणार होती, खीर माझ्याकडे होती आणि माझ्या सोळा वर्षांच्या लेकीनं, मैत्रीनं, ऐन वेळी यायला नकार दिला होता. "पणजोबांनी स्वतः विचार करून दीक्षा घेतली ना? मग मला का नाही विचारलं कुणी? नॉट फेअर, आई." पोरगी हातची चालली, या भीतीनं मी खिरीचा डबा पिशवीत कोंबला.

नवरा गावाला गेलेला, म्हणून पांढरी साडी नेसून सायकलवरच निघाले. व्हायचं तेच झालं. पदर चेनमध्ये असा अडकला की ना उतरता येई, ना सरळ उभं राहता येई. आपला धम्म असं काही मागायला शिकवत नाही हे ठाऊक असूनही मी पुटपुटले, "तथागता, आता तूच बघ!" तेवढ्यात मागून एक डच बाई आल्या. चर्चमधून परतत होत्या, नाव मारायके. इस्त्रीच्या स्कर्टची पर्वा न करता गुडघे टेकून बसल्या आणि हात काळे करून घेत माझा पदर सोडवला.

मला अगदी भरून आलं! थर्मासमधला चहा पुढे केला. त्या नको म्हणाल्या. आपल्यात पहिला नकार कोण मोजतं? मी घोटभर, घोटभर करत मागेच लागले. शेवटी त्या हसत म्हणाल्या, "अहो, मी मॉर्मन पंथाची आहे. आम्ही चहा पीत नाही, कॉफीसुद्धा नाही." मी ओशाळले. हात धुवायला त्यांनी जवळच्याच आपल्या घरी नेलं, तर ओट्यावर लखलखीत कॉफी मशीन! माझा चेहरा बघून म्हणाल्या, "ते माझ्या भावासाठी."

दोघं भावंडं मॉर्मन घरात वाढलेली, आठव्या वर्षी बाप्तिस्मा झालेली. मला राहवेना. "मग धर्म निवडायची मोकळीक होती का हो तुम्हाला?"

"आठव्या वर्षी? तेव्हा मी आईचा चेहरा बघून हो म्हटलं," त्या म्हणाल्या. "खरं निवडलं ते विशीत. मी राहिले, भाऊ बाहेर पडला. दाराला कुलूप नव्हतं, पण त्याचे मित्र तुटले, आई कितीतरी दिवस रडली. त्याला मोकळीक म्हणायचं का? मग एक दिवस आईनंच हे मशीन आणलं. कॉफी पाणचट करायची बिचारी, पण तो दर रविवारी येऊ लागला. आई गेली, आता मी करते."

वंदनेत डोळे मिटले तेव्हा सकाळची भीती विरघळली होती. लेकीला घट्ट धरून ठेवणं म्हणजेच श्रद्धा, असं मी समजून बसले होते. घरी येऊन तिला सांगितलं, "यायचं की नाही, तू ठरव. तुझ्या वाटची खीर ठेवलीय."

खीर खाता खाता तिनं विचारलं, "पणजोबांनी देव सोडले, तेव्हा त्यांची आई रडली असेल ना?" दीक्षेची गोष्ट लहानपणापासून ऐकत आले, पण त्या माउलीची आठवण मला कधीच झाली नव्हती. "रडली असेल गं," मी म्हणाले.

"आणि तरी जेवायला वाढलं असेल."

माझे डोळे भरून आले. कुणी पाठवलं मारायकेंना, कोण जाणे. मी मात्र मनोमन हात जोडले. पदरावरचा डाग काही निघाला नाही. पुढच्या वंदनेला तीच साडी नेसले. मैत्री आली नाही. सायकलपर्यंत आली, माझा पदर कमरेला घट्ट खोचून दिला आणि म्हणाली, "सावकाश जा. मी जेवायला थांबते."